गाडीच्या अ‍ॅम्पला रिले लावताना कुठली वायर त्यातून न्यायची आणि कुठली नाही

तुमचा प्रश्न असा, की डिक्कीत दोन अ‍ॅम्प (आवाज वाढवणारे अ‍ॅम्प्लिफायर) होतेच, त्यांना थंड ठेवायला दोन पंखे लावले आणि तेव्हापासून गाणं चालू असताना अ‍ॅम्प मधूनच बंद पडतात. दुकानदार म्हणाला रिले टाका, म्हणजे आतल्या कॉइलला थोडा करंट मिळाला की काँटॅक्ट जोडून मोठा करंट सोडणारा स्विच. मग बॅटरीची जाड वायर त्या रिलेतून न्यायची का?

नाही. जाड वायर बॅटरीपासून फ्यूजमधून थेट अ‍ॅम्पला जाते. रिले लागतो तो फक्त स्टिरिओच्या मागून येणाऱ्या निळ्या-पांढऱ्या बारीक वायरसाठी, जिला आपण रिमोट म्हणतो.

मी बडोद्यातच मकरपुरा जीआयडीसीत कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो. नवरात्र जवळ आली की दांडिया बाजारातल्या मित्रमंडळींच्या गाड्यांचं हे काम माझ्याकडे येतं, आणि जाड वायरीचा हा प्रश्न बहुतेक जण विचारतात. विचारणारच, कारण रिलेवर ठळक अक्षरांत ४० अँपिअर छापलेलं असतं. पण मोठा अ‍ॅम्प जोरात वाजताना त्याहून जास्त करंट ओढू शकतो. शिवाय अ‍ॅम्पच्या आत वीज साठवणारे मोठे कपॅसिटर असतात. सप्लाय जोडताक्षणी ते भरायला एकदम प्रचंड करंट धावतो आणि ठिणगी पडते. रोज चावी फिरवताना ही ठिणगी रिलेच्या काँटॅक्टवर पडली, तर काँटॅक्ट जळतात किंवा एकमेकांना चिकटून बसतात. आणि याची गरजही नसते. अ‍ॅम्पला बॅटरीचा सप्लाय कायम जोडलेलाच ठेवायचा असतो, रिमोटवर १२ व्होल्ट आले की तो आतून स्वतः सुरू होतो. आमच्या पॅनलमध्ये पुश बटण मोटरचा करंट वाहत नाही, फक्त काँटॅक्टरला, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचला हुकूम देतं; रिमोटचं कामही तेवढंच.

आता रिले विकत घेण्याआधी एक करा. रिमोटवर जोडलेल्या दोन्ही पंख्यांच्या वायरी काढून ठेवा आणि एक-दोन दिवस गाडी तशीच चालवा. अ‍ॅम्प बंद पडायचे थांबले, तर दोष रिमोटवरच्या भाराचा. तरीही पडत राहिले, तर रिले लावून काही साधणार नाही. मग अ‍ॅम्पचं अर्थिंग बघा, जाड वायरीच्या टोकाचे लग घट्ट आहेत का ते बघा, स्पीकरची वायर कुठे बॉडीला टेकतेय का ते बघा. दुकानदार हे सांगत नाहीत आणि लोक उगाच रिलेवर रिले बदलत बसतात.

माझा अंदाज पंख्यांवरच आहे, कारण हिशोब तसाच लागतो. रिमोटचा करंट स्टिरिओच्या आतल्या एका छोट्या ट्रान्झिस्टरमधून येतो. त्याची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, साधारण ३०० ते ५०० मिलिअँपिअर. अ‍ॅम्प त्यातला जेमतेम १० ते ५० घेतो. डिक्कीतला छोटा पंखा मात्र एकेकटा दीडशे-दोनशे मिलिअँपिअर सहज घेतो, आणि सुरू होताना त्याहूनही जास्त. दोन पंखे आणि दोन अ‍ॅम्प मिळून पाच-साडेपाचशेच्या घरात गेले, की रिमोटचा व्होल्टेज खाली बसतो आणि अ‍ॅम्पला वाटतं स्टिरिओ बंद झाला.

याच हिशोबातून आणखी एक गोष्ट कळते. साध्या गाडीच्या रिलेची कॉइल ८० ते १०० ओहमची असते, म्हणजे ती स्वतःच सुमारे १५० मिलिअँपिअर घेते. ज्याच्याकडे एकच अ‍ॅम्प आहे आणि बाकी काही नाही, त्याने रिले लावला तर स्टिरिओवरचा भार कमी होत नाही, उलट वाढतो. अशा गाडीत रिले नकोच. तुमच्या गाडीत हवा.

रिलेच्या तळाला पिनांचे नंबर इंग्रजी आकड्यांत असतात. ते जर्मन डीआयएन मानकातले आहेत, त्यामुळे कुठल्याही कंपनीचा घेतला तरी अर्थ तोच. ८६ ला स्टिरिओची निळी-पांढरी वायर. ८५ ला बॉडी अर्थ. ३० ला बॅटरीचा पॉझिटिव्ह, आणि ८७ वरून दोन्ही अ‍ॅम्पचे रिमोट टर्मिनल आणि पंखे. आता स्टिरिओवर फक्त कॉइलचे १५० मिलिअँपिअर राहिले, बाकी सगळं ८७ वरून.

घेताना मधली पिन बघून घ्या. मधोमध ८७ए लिहिलं असेल तर त्या पिनेवर रिले बंद असताना सप्लाय असतो. पंखे चुकून तिथे जोडले तर गाडी बंद केल्यावर सुरू होतात आणि सकाळी बॅटरी झोपलेली मिळते. ती पिन मोकळी सोडा आणि वर स्लीव्ह चढवा. काही रिलेंत मधेही ८७ च असतं, ते चालतं. आणि कॉइल १२ व्होल्टची आहे ना ते वाचा. ट्रकचे २४ व्होल्टचे रिले दिसायला अगदी सारखे असतात, पण आपल्या बॅटरीवर ते नीट ओढत नाहीत.

३० नंबरची वायर कुठून घ्यायची, याबद्दल मला आग्रहाने सांगायचंय, कारण गाडी पेटते ती इथे. डिक्कीत अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर सप्लाय आयता असतो आणि तिथूनच बारीक वायर घेणं सोयीचंही आहे. पण त्या लाइनला बॅटरीजवळ ६० किंवा ८० अँपिअरचा फ्यूज असतो, तो जाड वायरीच्या मापाचा. तुमची एक स्क्वेअर एमएमची वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर ८० चा फ्यूज उडायच्या आधी ती वायर लाल होऊन डिक्कीतल्या कार्पेटला आग लावेल. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, अ‍ॅम्पला नाही. म्हणून जिथून बारीक वायर निघते तिथेच, वीतभराच्या आत, ३ किंवा ५ अँपिअरचा वेगळा फ्यूज होल्डर घाला. मुख्य फ्यूजही याच न्यायाने बॅटरीपासून फूट-दीड फुटात हवा. तो मागे अ‍ॅम्पजवळ लावलेला असेल तर मधली सगळी वायर उघड्यावर आहे; ते आधी दुरुस्त करा.

कॉइलवर एक डायोडही लावा, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग, १एन४००७, दोन-चार रुपयांना मिळतो. रिले बंद होताना कॉइलमधली साठलेली ऊर्जा उलटा झटका देते, तो शंभर व्होल्टच्या वर जाऊ शकतो आणि थेट स्टिरिओच्या त्या ट्रान्झिस्टरवर आदळतो. डायोडचा पट्टा ८६ कडे, दुसरं टोक ८५ कडे. उलटा लावलात तर रिमोट सरळ अर्थला शॉर्ट होतो, तेव्हा दोनदा बघून मगच जोडा. काही रिलेंत डायोड आतच असतो, बाजूच्या चित्रात दिसतो. मग बाहेरून नको, पण ८५-८६ ची अदलाबदलही चालत नाही.

काम सुरू करताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कंपनीचा स्टिरिओ कायम असेल तर आधी त्याचा कोड हाताशी ठेवा, काही गाड्यांत बॅटरी काढली की तो मागतात. कंपनीचं हार्नेस, म्हणजे वायरींचा तयार जुडगा, कापू नका, कपलर मिळतात. अर्थसाठी रंग खरवडून पत्रा उघडा करा आणि वेगळा बोल्ट मारा, सीटबेल्टच्या बोल्टाला हात लावायचा नाही. वायरी पिळून नुसती टेप गुंडाळू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की इतकी तापते की टेपचा गोंद वितळून ती सुटते. पिना क्रिंप करा, जोड सोल्डर करा आणि हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा.

रिले बसवायचा तो डिक्कीच्या बाजूच्या पॅनलवर, उंचावर, पिना खाली करून. स्टेपनीच्या खळग्यात नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते तुम्हीही पाहिलंय. पूर राहू द्या, नुसत्या पावसाळ्यातही डिक्कीच्या रबरातून झिरपलेलं पाणी त्या खळग्यातच साचतं आणि सॉकेट हिरवं पडतं.

सगळं जोडून झाल्यावर स्टिरिओ सुरू करा, रिलेचा टिक् आवाज यायला हवा. आवाज आला पण अ‍ॅम्प लागला नाही, तर ३० चा फ्यूज आणि ८७ ची पिन बघा. आवाजच आला नाही, तर मल्टिमीटरने ८६ वर १२ व्होल्ट येतात का ते मोजा. येत असतील तर ८५ चं अर्थ कच्चं आहे. ८६ वर फक्त रेडिओ लावल्यावरच व्होल्टेज येत असेल, तर तुम्ही अँटेनाची नुसती निळी वायर पकडली आहे, पांढऱ्या रेघेची नाही. शेवटी स्टिरिओ बंद करून ८७ वर शून्य येतंय का तेही बघा, आणि मगच पॅनल बंद करा.