आधी संरक्षक सूट समजून घे

तुझ्या कथेची कल्पना छान आहे, पण प्रयोगशाळेत सूटला टाचणीएवढं भोक पडलं आणि नायक लगेच विषाणूनं बाधित झाला, हे पटत नाही. बीएसएल-४, म्हणजे सर्वात घातक विषाणूंसाठीच्या सर्वोच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळेतला सूट हवेनं फुगलेला असतो, आतला दाब बाहेरपेक्षा जास्त. फाटला तरी हवा बाहेरच पडते, विषाणू सहजी आत शिरत नाही. खरी भीती सुईची! ती हातमोज्यातून थेट बोटात घुसली तर दाब काय करणार? तो प्रसंग लिही. छतावरून लोंबणाऱ्या नळीतल्या हवेचा घोंगाट असतो, शेजारच्याचं बोलणं धड ऐकू येत नाही. बाहेर पडताना सूटसकट रसायनाच्या फवाऱ्याखाली उभं राहावं लागतं. बोट ठणकतंय, फवारा अजून चालूच आहे, दार बंद. तिथे घाई करू नकोस, दोन पानं दे त्याला.