डॉक्टरांना विचारा : शिबिर झालं, पुढे काय?

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाने गेल्या वर्षी मांडवातच आरोग्य शिबिर घेतलं. बीपी, शुगर तपासली, प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी दिली. गर्दी चांगली झाली. यंदा मात्र काही जण म्हणतात, तो पैसा सांस्कृतिक कार्यक्रमाकडे वळवा. शिबिराचा कोणाला काय उपयोग झाला, ते कुणालाच सांगता येत नाही. आपलं मत काय? — एक कार्यकर्ती, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : ताई, शिबिर घ्याच. मात्र तुमच्या पत्रात एक गोष्ट मला सापडली नाही. ज्यांचं बीपी किंवा शुगर जास्त निघाली, त्यांचं पुढे काय झालं? चिठ्ठी ज्याची त्याला दिली आणि मंडळाकडे नोंदच राहिली नाही, तर उपयोग झाला की नाही हे सांगणार तरी कोण?

हे दोन्ही आजार दुखत नाहीत, हीच खरी अडचण आहे. दाढ दुखली की माणूस रात्री बारालाही डॉक्टर शोधतो. १७०/१०० बीपी घेऊन तोच माणूस वर्षानुवर्षं मजेत दुकान चालवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी अभ्यासात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह, आणखी १५.३ टक्क्यांना त्याची पूर्वावस्था आणि ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब आढळला. तुमच्याकडे शंभर जण आले आणि त्यात बीपीचे चार-पाचच निघाले, किंवा उलट निम्म्याहून जास्त निघाले, तर आकड्यावर विसंबण्याआधी दोन शंका घ्या. बीपी नीट मोजलं गेलं का? आणि यायला हवे होते ते आले का?

आधी मोजण्याचं बघू. मांडवात स्पीकर चालू, माणूस चहा पिऊन रांगेत उभा, नंबर आला की स्टुलावर टेकतो, बाही वर सरकवतो, हात लोंबता आणि शेजारणीशी गप्पा चालूच. असं घेतलेलं बीपी बहुतेकदा खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. मग घरी गेल्यावर डॉक्टर म्हणतात, ‘नॉर्मल आहे’, आणि माणसाचा पुढच्या शिबिरावरचा विश्वास उडतो. शेजारची एखादी खोली मागून घ्या. पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या पातळीत, पट्टा उघड्या दंडावर. आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं शांत बसायचं, मोजताना बोलायचं नाही. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू काही नको. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, तो आधीच मागवून ठेवा. मिनिटाभराच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर दुसऱ्या दिवशी परत मोजायला बोलवा. एका दिवसाच्या आकड्यावर कुणालाही ‘तुम्हाला बीपी आहे’ असं सांगू नका. मात्र १८०/१२० च्या घरात असेल, तर त्याला एकट्याने घरी पाठवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. सोबत छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर सरळ इस्पितळ गाठा.

शुगरचं तसंच. प्रसादाचा मोदक खाऊन बोटातून काढलेल्या थेंबावर निदान होत नाही. १४० च्या वर आलेल्यांना उपाशीपोटी तपासणीला पाठवायचं. कमी आली म्हणून मधुमेह नाही, असंही नाही.

आता कोण आलं ते. सकाळी दहा ते एकच्या शिबिराला बहुतेक निवृत्त मंडळी आणि गृहिणी येतात, ज्यांच्या गोळ्या आधीच सुरू आहेत. माझ्याकडे एक गृहस्थ येतात, रात्री सराफ्यात खाण्याचा ठेला लावतात. दोन वाजता आवरून पहाटे झोपणारा माणूस दहाला कसा येणार? तुमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी दुपारी तीनला मोकळ्या होतात. कॉलनीचा चौकीदार, दूधवाला, सफाईवाले, यांना कोणी ‘या’ म्हणालं का? वेळ त्यांना विचारून ठरवा. वयाची अट तिशीपासून ठेवा, सरकारी तपासणीही तिथूनच सुरू होते.

एक इंची टेप जरूर ठेवा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली असेल, तर धोका वाढलेला समजा. गुटखा-सुपारी खाणाऱ्यांना स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील, किंवा तोंडात पंधरा दिवसांत न भरलेला चट्टा-जखम असेल, तर तो माणूस त्याच आठवड्यात दाताच्या डॉक्टरकडे गेला पाहिजे.

आणि एक वही. नाव, फोन, आकडा, आणि फोन कोण करणार त्याचं नाव. पंधरा दिवसांनी एवढंच विचारायचं : ‘काका, दाखवून आलात का?’ खर्चाची अडचण असेल, तर जवळच्या सरकारी संजीवनी क्लिनिकची वाट दाखवा, वेळ पडली तर बरोबर जा. वही एकाच व्यक्तीच्या कपाटात राहू द्या. सुनेची शुगर सासूला मांडवात कळता कामा नये. असं एकदा झालं की पुढच्या वर्षी सुना येत नाहीत.

प्रश्न : सासरे ६२ वर्षांचे, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ६.२. ‘बॉर्डरवर आहे, शुगर नाही’ म्हणतात आणि रोज सकाळी पोहे-जिलबी आणतात. काय करावं? — सुदामानगर, इंदूर

उत्तर : ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था. घाबरायचं कारण नाही, पण हीच वेळ हाताशी आहे. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन सुमारे सात टक्के कमी करणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं, हे ध्येय ठेवून ज्यांनी खाणं-चालणं बदललं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे झालेल्या अभ्यासात घट २८.५ टक्के होती. कमी असली तरी फार मोलाची. पोहे सोडायला लावू नका, इंदूरच्या माणसाला ते जमायचं नाही आणि तुमच्यावर राग निघेल. पोह्यांची वाटी अर्धी करा, बरोबर मटकीची उसळ द्या, शेव आणि जीरावन मसाला चिमटीभर. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं आणि बरंचसं शेवेतूनच पोटात जातं. जिलबी रविवारी. जेवणानंतर त्यांना नातवाबरोबर चालायला पाठवा. त्यांचं वजन जास्त असेल, तर चार-पाच किलो उतरवणं हे पहिलं काम. दर वर्षी एचबीएवनसी करा.

प्रश्न : बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली. चालेल ना? — लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : नाही. ते गोळीमुळे नॉर्मल आहे. आजच आपल्या डॉक्टरांना फोन करून सांगा आणि त्यांच्या सल्ल्याने पुन्हा सुरू करा. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजून आकडे कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन त्यांच्याकडे जा. डोस कमी करता येईल का, ते त्यावरून तेच ठरवतील.