मुलगा टिकी कॉकटेलच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला नेतोय. आम्ही शाकाहारी, तिथे काय मागवावं?

तुमचा प्रश्न असा : सांगलीहून तुम्ही आणि वहिनी पुण्याला मुलाकडे जाताय, आणि मुलगा-सून तुम्हाला आशियाई जेवण आणि टिकी कॉकटेल मिळणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये नेणार आहेत. दोघंही शाकाहारी. तुम्ही कधीमधी एखादा पेग घेता, वहिनी अजिबात घेत नाहीत. तिथे आपल्याजोगं काही असेल का, की टाळावं?

टाळू नका, जाच. मीही सांगलीचाच. अशा जागी पुण्यातही जेवलोय आणि गोव्यातही, आणि मला हे जेवण मनापासून आवडतं. फक्त एक ऐका : आधी जेवण मागवा, पेय मागाहून. टिकी कॉकटेल जिभेला सरबतासारखं लागतं. अननस, लिंबू, बदामाचं सिरप आणि चुरा केलेला बर्फ यांच्याआड दोन-तीन तऱ्हेच्या रम दडलेल्या असतात, त्यामुळे आपण किती घेतोय याचा अंदाजच येत नाही. यातलं झोंबी नावाचं कॉकटेल इतकं कडक, की ते बनवणाऱ्या डॉन बीचच्या हॉटेलात एका गिऱ्हाइकाला दोनच्या वर मिळत नसे. ते मागवू नका. मोठ्या वाडग्यात चार-पाच स्ट्रॉ घालून सगळ्यांसाठी आणतात, तेही नको. कोण किती प्यायलं याचा हिशेब राहत नाही.

हा सगळा थाट मूळचा अमेरिकेचा. १९३३ च्या डिसेंबरात तिथली दारूबंदी उठली आणि त्याच सुमारास या डॉन बीचने हॉलिवूडमध्ये वेताच्या खुर्च्या, झावळ्या, कोरीव लाकडी मुखवटे अशी दक्षिण पॅसिफिक समुद्रातल्या बेटांची सजावट करून बार काढला. रम तेव्हा स्वस्त होती. जेवण मात्र बेटांवरचं नव्हतं, बहुतेक दक्षिण चीनच्या कँटोनी वळणाचं होतं. म्हणून आजही अशा ठिकाणी कॉकटेलबरोबर डिमसम (सारण भरून वाफवलेले, मोदकासारखे छोटे पदार्थ), बाओ (वाफवलेला मऊ पाव), थाई करी असंच मिळतं. ज्या चेहऱ्याच्या मगमधून पेय येतं तो टिकी पॉलिनेशियातला, म्हणजे पॅसिफिक समुद्रातल्या बेटांवरचा. न्यूझीलंडच्या मूळच्या माओरी लोकांच्या परंपरेत टिकी हा पहिला माणूस मानतात, म्हणून त्या मगची टिंगल करावीशी मला कधी वाटली नाही.

आता शाकाहाराचं. इथे खरं जपायला हवं. कार्डावर हिरवा ठिपका असलेलं बघून मागवा, पण 'चिकन काढून भाज्या घाला' असं कधी सांगू नका. थाई करीच्या वाटणात बहुधा सुकवलेल्या कोळंबीचा खार असतो, वरून माशाचा सॉस पडतो. चिकन काढलं तरी ते दोन्ही करीत राहतातच. किमचीत (कोबीचं आंबवलेलं कोरियन लोणचं) मासळी असू शकते, मिसो या जपानी सोयाबीनच्या सूपचं पाणी बऱ्याचदा सुकवलेल्या माशाचं असतं, आणि परतलेल्या भाज्यांवर ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, घालायची पद्धत आहे. वेटरला सरळ विचारा : फिश सॉस, ऑयस्टर सॉस, कोळंबी यातलं काही आहे का? तो गडबडला तर आत विचारून यायला सांगा. यात भीड कसली? चांगल्या हॉटेलात कुणी वाईट वाटून घेत नाही.

मशरूमचं किंवा वॉटर चेस्टनटचं (शिंगाड्यासारखा कुरकुरीत कंद) डिमसम घ्या, भाज्यांचा बाओ घ्या. नारळाच्या दुधातलं शाकाहारी थाई सूप मिळालं तर सोडू नका. त्यात आपला गवती चहा असतो, पण चहात उकळून येतो त्यापेक्षा कितीतरी मोकळा वास येतो. वहिनींना ते हमखास आवडेल.

तुमच्यासाठी एक माय ताय पुरे. ट्रेडर विक नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिक्टर बर्जेरॉनने ते १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला बनवलं : जुनी रम, लिंबू, क्युरासाव (संत्र्याच्या सालीचं गोड मद्य) आणि बदामाचं सिरप. मूळ कृतीत अननस नाही. 'लिंबू ताजं पिळता का?' एवढं आधी विचारा. बाटलीतला रस असेल तर मी कॉकटेल घेतच नाही, कारण या पेयाची सगळी मजा त्या आंबटपणात आहे. आणि रम तुम्हाला परकी वाटायचं कारण नाही. ती उसाच्या मळीपासून होते, आणि मळी कशी दिसते, कशी वास मारते हे वाळवा-मिरजेकडच्या माणसाला काय सांगायचं!

वहिनींसाठी 'रमशिवाय करून द्या' म्हणा. अननस, लिंबू, आलं, बदामाचं सिरप आणि वर किसलेलं जायफळ, एवढ्यावर उत्तम पेय होतं. साखर मात्र भरपूर असते; दोघांपैकी कुणाला मधुमेह असेल तर सिरप अर्धं घालायला सांगा.

सोबत पुतणे-भाचे येणार असतील तर महाराष्ट्रात रमसाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हे मुलाच्या कानावर घाला. आणि गाडी घरीच ठेवून टॅक्सीने जा. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा होतो, आणि एका माय तायनंतर तेवढं सहज भरू शकतं.