शिवणीतली माया

प्रश्न : वय ४८, ठाण्यात नौपाड्यात राहते. चार वर्षांत नऊ किलो वजन वाढलं. खाणं पूर्वीइतकंच, उलट रात्रीचं जेवण सोडलंय. पाळी मागेपुढे होते. पुतणीच्या साखरपुड्यात नणंद चारचौघांत म्हणाली, "वहिनी, केवढ्या सुटलात!" तेव्हापासून फोटोत मागे लपते. डिसेंबरात लग्न आहे आणि पैठणीचं ब्लाउज दंडात अडकतंय. काय करू?

उत्तर : ताई, आधी ब्लाउज. शिंप्याने शिवणीत माया ठेवली असेल तर बाह्या उसवून घ्या. नसेल तर नवं शिवा. डिसेंबरपर्यंत त्यात मावायचंच, म्हणून उपाशी राहू नका. कापड माणसाच्या मापाचं करतात, माणूस कापडाच्या नाही.

आता शरीराचं. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या आसपास जाते, म्हणजे तुम्ही ऐन उंबरठ्यावर आहात. इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं तशी मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. शिवाय तिशीनंतर स्नायू हळूहळू घटत असतात, म्हणून तेवढंच खाणं आता जास्त ठरतं. हा तुमच्या आळसाचा पुरावा नव्हे. पण रात्री उपाशी राहून स्नायू वाढत नाहीत. (आणि साडेदहाला फरसाणाचा डबा उघडतो का? माझा उघडायचा.) रात्री भाकरी, उसळ, ताक घ्या, पण वेळेवर.

संध्याकाळी तलावपाळीला चाला, आठवड्याला एकूण १५० मिनिटं. भेळेच्या गाड्यापाशी एखाद दिवस थांबलात तरी चालेल. नुसतं चालणं मात्र पुरणार नाही. आठवड्यातून दोनदा पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचला, खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. आपल्या बायकांना हेच कुणी सांगत नाही, चालायला तेवढं सगळे सांगतात.

वजनकाट्यापेक्षा टेप घ्या. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर साखर आणि रक्तदाब तपासाच. नऊ किलो वाढलंय, तेव्हा थायरॉइडही. रक्तस्राव फार होत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायला लग्न उरकायची वाट पाहू नका.

नणंदेचं काय? त्याही पन्नाशीच्या आसपासच असतील. आपल्याच आरशातला राग त्यांनी तुमच्यावर काढला असेल. पुन्हा बोलल्या तर "हो, सुटलेय" म्हणा आणि विषय बदला. फोटोत पुतणीच्या शेजारी काकूची जागा असते. ती नणंदेला देऊ नका.