घरातले फोटो हलतात आणि ग्रेन (दाणेदारपणा) येतो: फुल फ्रेम बॉडी घेऊ, लेन्स की फ्लॅश?

तुमच्याकडे एपीएस-सी बॉडी (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा कॅमेरा) आणि सोबत मिळालेली १८-५५ची किट लेन्स आहे, म्हणजे बॉडीला हात लावू नका. फुल फ्रेमने फार तर एक-सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश) फायदा होईल, आणि वर नव्या लेन्स घ्याव्या लागतील ते वेगळंच.

किट लेन्स ५५ला झूम केली की एफ/५.६च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं). ५० एमएम एफ/१.८ लेन्स त्याच्या नऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते. जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की ग्रेन वाढतो) ६४०० लागत होता तिथे ८००वर भागतं. एकट्यादुकट्याच्या पोर्ट्रेटला झकास. पण दोन रांगांत माणसं बसली की १.८वर मागची रांग हमखास धूसर, आणि एपीएस-सीवर ५० एमएमच्या चौकटीत थोडंच मावतं, म्हणून छोट्या खोलीत ती अडचणीचीच.

माणसांचे गट टिपायचे असतील तर माझं मत सरळ फ्लॅशला. मात्र डोकं वर आणि बाजूला फिरणारा घ्या. तो पांढऱ्या छताकडे वळवा, एफ/५.६, शटर १/१२५ सेकंद, आयएसओ ८०० ठेवा: प्रकाश पसरून येतो, नाकाखालची काळी सावली जाते. छत रंगीत असेल तर चेहऱ्यांवर तोच रंग चढतो, मग भिंत बघा. गाइड नंबर (फ्लॅशच्या ताकदीचा आकडा) ताडताना तो फ्लॅशच्या डोक्याच्या कोणत्या झूमला मोजलाय हे जरूर वाचा. कंपन्या बहुतेक वेळा डोकं पूर्ण झूम केल्यावरचा, म्हणजे प्रकाश अरुंद झोतात एकवटल्यावरचा, आकडा छापतात, आणि बाउन्समध्ये (छत-भिंतीवरून प्रकाश परतवताना) त्यातलं फारसं काही हाती लागत नाही.