मोठ्या स्पर्धेसाठी बांधलेली स्टेडियम नंतर डोईजड का होतात?

एकदा बांधून झालं की खर्च संपायला हवा, मग पुढे वर्षानुवर्षं पैसे कशात जातात, असं तुम्ही विचारलंय. मी नाशिकमध्ये जलतरण तलावांचे पंप आणि फिल्टर बघतो, त्यामुळे तलावापासूनच सुरुवात करतो.

तलावात कुणी पोहो न पोहो, पंप फिरवावाच लागतो. एप्रिलमध्ये चार दिवस बंद ठेवा, पाणी हिरवं. रिकामा ठेवावा म्हटलं तर पावसाळ्यात जमिनीतल्या पाण्याचा दाब खालून येतो आणि लाद्या सुटतात. क्लोरीन, फिल्टरची वाळू, जीवरक्षकांचे पगार चालूच. वापर शून्य असला तरी वीजबिलात स्थिर आकार लागतोच. एका तलावाची मोटार जळाली होती. रिवाइंडिंगच्या फाइलवर सही होईपर्यंत अख्खा सीझन गेला. हे आमच्या गावातल्या साध्या तलावाचं. ऑलिम्पिकच्या तलावाला वर हजारो खुर्च्या आणि छप्पर असतं.

छपरावरून कॅनडातलं मॉन्ट्रियल आठवलं. तिथलं ऑलिम्पिक १९७६चं, पण स्टेडियमचं कर्ज फिटलं २००६ मध्ये, तेही बरंचसं तंबाखूवरच्या करातून. छप्पर तर स्पर्धेनंतर अकरा वर्षांनी, १९८७ मध्ये बसलं आणि पुढे फाटत राहिलं. कर्ज फिटून अठरा वर्षं झाल्यावर, २०२४ मध्ये, तिथल्या क्युबेक प्रांताच्या सरकारनं नव्या छपरासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर केले.

लंडननं २०१२ला तलाव कायमचा बांधला, पण दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्या तात्पुरत्या ठेवल्या. साडेसतरा हजारांची क्षमता स्पर्धेनंतर अडीच हजारांच्या आसपास आणली, आता तिथे रोजचे लोक पोहतात. पॅरिसनं २०२४ला रग्बीच्या बंदिस्त स्टेडियममध्येच तात्पुरता तलाव उभारला आणि शर्यती संपल्यावर काढून टाकला. आम्हा नाशिककरांना यात नवल वाटू नये. बारा वर्षांनी कुंभमेळ्यासाठी तपोवनात साधुग्राम उभं राहतं, नळ-वीज-शौचालयांसकट, आणि पर्वणी सरली की उठतं.

२०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाली आहे. तिथला आराखडा हाती आला, तर २०३१चं लाइटबिल कोणाच्या नावावर येणार, हे मी आधी शोधीन.