अकराव्या वचनाआधीचं दहावं

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

पुण्याची नोकरी गेल्यापासून रविवारी तू मागच्या बाकावर बसतोस आणि पाळकसाहेबांचा आशीर्वाद व्हायच्या आत निघून जातोस. दाराशी कुणीतरी "सध्या काय चाललंय?" विचारेल याची तुला धास्ती वाटते. ती मला कळते, म्हणून न विचारता लिहितेय.

देवावर विश्वास असून मन खंबीर का राहत नाही, असं तू विचारलं होतंस. मला वाटतं, तुझा सगळा भरवसा "लवकरच होईल" या शब्दांवर टेकलेला आहे.

तुझ्या मोबाईलवर बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन आहे. देवाचे संकल्प आपल्या हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. माझंही ते आवडतं वचन आहे. पण त्याच्या आधीचं १० वं वाच. तिथे सत्तर वर्षं लिहिली आहेत! यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेलं हे पत्र. आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांदेखत, दोन वर्षांत सगळे परत येतील म्हणून सांगतो. ऐकायला कोणाचं बरं वाटलं असेल ते तूच ठरव. खरं ठरलं ते यिर्मयाचं. आणि त्याने त्या लोकांना काय करायला सांगितलं? घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याच्यासाठी प्रार्थना करा. तेही शत्रूच्या नगरात.

"याच महिन्यात तुझं दार उघडणार" असं छातीठोकपणे सांगणारे तुलाही भेटतील. त्यांच्यावर विसंबू नकोस, महिना सरला की विश्वासच डळमळतो.

पक्कं वाटणारंही कोसळतं, हे आपल्या सोलापूरला नव्याने सांगायला नको. १८७७ साली सुरू झालेली कापडाची जुनी मिल काय किंवा नंतरच्या मिल काय, तिथे चिकटला की पोरगा मार्गी लागला असं घरचे म्हणायचे. त्या मिल बंद पडल्या. भोंगा कायमचा थांबेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नोकरी, पगार, शहराचं नाव यांना तेवढंच वजन द्यावं.

पंडिता रमाबाईंचं शेवटचं वर्ष मला फार धीर देतं. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पती. आणि १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा, जिच्यावर रमाबाईंनी निराधार बायकामुलींसाठी काढलेल्या मुक्ती मिशनची सगळी भिस्त होती. तरी केडगावात बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी हातचं सोडलं नाही, ते पुरं केलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. दुःख संपलं म्हणून त्या कामाला बसल्या नव्हत्या. ज्याच्यावर भरवसा होता तो ख्रिस्त होता तिथेच होता, एवढं त्यांना पुरलं.

धीराचं सोंग मात्र आणू नकोस. बायबलमधलं १३ वं स्तोत्र मोठ्याने वाच. मला कुठवर विसरणार, असं दावीद राजा देवाला तोंडावर विचारतो आणि सहाव्या वचनात गाऊ लागतो. मधल्या ओळींत त्याची परिस्थिती पालटल्याचं कुठेच लिहिलेलं नाही. तूही असंच विचार, रडू आलं तर रड. सकाळी मोबाईल हातात घेण्याआधी एक स्तोत्र वाचायचं, एवढी सवय लाव. मन लागो न लागो.

अर्ज करत राहा, पण अर्जांच्या मधले दिवस वाया गेले असं समजू नकोस. वस्तीतली दहावीची पोरं गणितात अडली आहेत. आईबाप दिवसभर मागावर नाहीतर विड्या वळण्यात, शिकवणीला पैसे नाहीत. शनिवारी पाचला चर्चच्या मागच्या खोलीत ये. बीजगणित तू घे, भूमिती मी बघते. आणि रविवारी आशीर्वादापर्यंत थांब, दाराशी मी तुझ्याबरोबर उभी राहीन.

तुझी,
मावशी